ओलीस नट

साताऱ्यास एका स्नेह्यांकडे मुक्काम असता, त्यांच्या चिरंजीवांच्या आग्रहावरून ‘अ थर्सडे’ हा २०२२ सालचा हिंदी चित्रपट आम्ही दिवाणखान्यात बसून पाहिला. बालशाळेतील एक शिक्षिका सोळा मुलांना ओलीस धरते आणि पंतप्रधानांनी आपल्याशी बोलावे अशी मागणी करते. पुढील थाट वाचकांस सांगावयास नकोच: दाराबाहेर पोलीस, पोलिसांबाहेर वार्ताहर, आणि मधून मधून धाकाचा दूरध्वनी.

शिक्षिकेचे काम करणाऱ्या यामी गौतम यांना कथेने थोडी तरी जागा ठेवली आहे. परंतु ‘हे राम’ व ‘चांदनी बार’ यांतील कामांबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेले अतुल कुलकर्णी यांच्या वाट्यास धावपळ आणि कपाळावरची आठी यांहून फारसे काही आले नाही. डिंपल कापडिया यांना पंतप्रधानपद मिळाले. भूमिका मिळाली नाही.

नटाने राजीखुशीने करार केला, मोबदला घेतला. मग अन्याय झाला कोणावर, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परीक्षेच्या हंगामात आम्हीही दिवसचे दिवस गुणांच्या बेरजा केल्या आहेत व त्याचे पैसे घेतले आहेत. तेवढ्याने ते दिवस सत्कारणी लागले असे आमच्याने म्हणवत नाही. मोबदला मिळतो तो वेळेचा. वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने जे गुण अंगी आले, त्यांवर ते जोपासणाऱ्या प्रेक्षकाचाही काही हक्क असतो, आणि करार करतेवेळी त्याला कोणी विचारीत नाही.

साचाच वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सांगलीकराने तर मुळीच म्हणू नये. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून त्यांच्या नाटकांचा साचा ठरलेलाच असे: सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती, आणि आरडाओरड करीत येणारा राक्षस. परंतु पदे सूत्रधाराने म्हणावी व भाषणे पात्रांनी आयत्या वेळी रचावी अशी रीत असल्यामुळे त्या साच्याच्या आत नटाला मोकळे अंगण होते. येथे ते नाही. चेहरा काही बोलू लागतो न लागतो तोच दृश्य पालटते.

आणि ओलीस राहणे म्हणजे काय, हे साताऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? १६८९ साली रायगड पडला तेव्हा बालवयातील शाहू महाराज मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ साली त्यांची सुटका झाली. पण त्यांच्या वर्तनाची हमी म्हणून मातोश्रींना मागे ठेवून घेण्यात आले, त्या परतल्या १७१९ साली. बारा वर्षे मुलगा साताऱ्यास छत्रपती आणि आई शत्रूच्या हाती! तेथे कोणी कोणाच्या कपाळास पिस्तूल लावीत नाही. केवळ एक दिवस जातो, मग दुसरा. ते वाट पाहणे, ज्याला नुसत्या डोळ्यांनी दाखविता येईल असा नट लागतो. या चित्रपटापाशी असे नट होते. वाट पाहण्याचा एक सबंध प्रसंग त्याने त्यांना दिला नाही.

हे सारे आम्ही चिरंजीवांस ऐकविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पण काका, तुम्ही मध्ये एकदाही उठला नाहीत.”

आम्ही खरोखरच उठलो नव्हतो. समोरचा चहादेखील निवून गेला होता.