प्रारब्ध आणि सव्वा किलो साखर

सत्यनारायणाच्या शिऱ्यात सगळं सव्व्याच्या मापानं: रवा, साखर, तूप. पूजा सांगणारा मी स्वतः मधुमेही. द्रोण पुढे आला की यजमान माझ्याकडे बघतात, मी द्रोणाकडे. पाचव्या अध्यायातल्या तुंगध्वज राजानं प्रसाद टाकला आणि त्याचं सारं गेलं, हे मीच नुकतं वाचलेलं असतं!

पण राजानं टाकला तो गर्वानं. मी कणभर जिभेवर ठेवतो, उरलेला वाटून टाकतो. यात अवमान कसला? शास्त्रानं तर व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत औषधही धरलंय. निर्जळी एकादशीच्या हट्टापायी गोळ्या किंवा इन्सुलिनचा ताळमेळ बिघडवणाऱ्यांना हे सांगावं लागतं. आणि साबुदाणा, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, ताटभर खाऊन त्याला उपवास म्हणणाऱ्यांनाही.

खरा वाद पुढेच. 'आईला होता, मला होणारच, प्रारब्ध!' असं म्हणणारे घरोघरी भेटतात. आईकडून धोका येतो, मान्य. पण क्रियमाण कर्म कुणाच्या हातात? उपाशीपोटी साखर 100 ते 125 असेल, तर ती मधुमेहाच्या अलीकडची पायरी. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, अशा धोक्यातल्या माणसांना आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि थोडं वजन उतरवणं सांगितलं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं.

हल्ली संकल्पाआधीच यजमानांना विचारतो, 'साखर तपासलीत?' काही चिडतात. दक्षिणा मात्र अजून कुणी कापलेली नाही.