आत्म्याची काळजी आणि देहाची किंमत

वॉशिंग्टनला जॉर्जटाऊन विद्यापीठ आहे. जेझुइट पाद्र्यांचं, १७८९ सालचं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं कॅथलिक विद्यापीठ. तिथं धर्मशास्त्र शिकवतात, तत्त्वज्ञान शिकवतात. मनोऱ्याची मोठी दगडी इमारत म्हणजे हीली हॉल. तिच्यातल्या गॅस्टन हॉलच्या भिंती एका जेझुइट ब्रदरनं चित्रांनी भरून टाकल्यात. बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते. मान वर गेली की पायाखालचं दिसत नाही.

पायाखाली १८३८ साल आहे. कॉलेज कर्जात होतं. मेरीलँडच्या जेझुइटांचे मळे होते, मळ्यांवर काळे गुलाम. प्रांतप्रमुख थॉमस मुलेडी, जो आधी याच कॉलेजचा अध्यक्ष होता, त्यानं २७२ माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकायचा सौदा केला. किंमत १,१५,००० डॉलर. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळी यादीत. पहिलं नाव आयझॅक. पहिल्या हप्त्यातला मोठा हिस्सा कॉलेजचं कर्ज फेडायला गेला.

आणि ही माणसं कॅथलिक होती, मित्रांनो. विकणारा आणि विकलेला एकाच क्रुसापुढं गुडघे टेकायचे.

आपण पटकन म्हणतो, साले ढोंगी. मला ते पुरेसं वाटत नाही. काही पाद्र्यांनीच या विक्रीला विरोध केला होता. रोमहून संघाच्या प्रमुखानं परवानगी दिली तीही अटी घालून: कुटुंबं तोडू नका, त्यांना धर्म पाळता यावा, आलेला पैसा कर्जात घालू नका. तिन्ही अटी मोडल्या, ते सोडा. अटी पुन्हा वाचा. आत्म्याची काळजी आहे, नवरा-बायकोची आहे, पैशाच्या सोवळ्याचीसुद्धा आहे. माणूस विकू नका, एवढीच अट नाही.

सगळ्यांचा आत्मा सारखा, असं मानणारा माणूस हे करू कसा शकला? मला वाटतं, तसं मानत होता म्हणूनच करू शकला. समता एकदा आत्म्याकडं ढकलून दिली की देह मोकळा राहतो, बाजारात न्यायला. आपल्याकडं हेच ऐकत आलोय की. सगळ्यांत एकच ब्रह्म, पाणवठा तेवढा वेगळा.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुढच्याच वर्षी जॉर्जटाऊनचा अध्यक्ष झाला पॅट्रिक हीली. बाप आयरिश मळेवाला, आई त्याची गुलाम. म्हणजे कायद्यानं पोरगाही गुलामच. तो गोरा म्हणून जगला. मनोऱ्याच्या इमारतीला नाव त्याचं. आडनाव बदलून शहरात खोली घेणाऱ्या आपल्या माणसाला शिव्या घालण्याआधी मला हा हीली आठवतो.

२०१७ साली विद्यापीठानं आणि जेझुइटांनी जाहीर माफी मागितली. एका इमारतीवरून मुलेडीचं नाव उतरलं, आयझॅक हॉकिन्सचं चढलं. चांगलं झालं. मग २०१९ च्या एप्रिलात पोरांनीच मतदान घेतलं. दर सत्राला प्रत्येकानं २७.२० डॉलर वंशजांसाठी फी म्हणून भरायचे. दोन-तृतीयांश पोरं हो म्हणाली. ज्यांनी कुणालाच विकलं नव्हतं, ती. विद्यापीठानं ती फी लावली नाही. वर्षाला सुमारे ४,००,००० डॉलर देणग्यांतून उभे करू, म्हणाले.

हिशेब केला तर दोन्ही रकमा जवळपास सारख्याच. पण फी न भरणाऱ्याला खिडकीवरचा कारकून अडवतो. देणगी न देणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि देणाऱ्याचे वर आभार मानावे लागतात. आयझॅकच्या पणतवंडांनी ते कशाबद्दल मानायचे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.