पावलावरची नाडी

निवांत बसा. चप्पल काढा. दोन बोटं पावलाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याकडे जाणाऱ्या ताठ कंडरेच्या शेजारी, हलकेच टेका. दाबू नका. लागली नाडी? नाही लागली तरी घाबरायचं कारण नाही. काही धडधाकट माणसांचीही तिथे हाताला लागत नाही.

हे रक्त मांडीतून उतरून आलं आहे. आता डोळे मिटा आणि लक्ष गुडघ्यामागच्या मऊ खळगीत न्या. तिथून जाणारी धमनी करंगळीहूनही बारीक. दुसऱ्या महायुद्धात ती फुटली की सर्जन बहुधा बांधून टाकत. रक्त थांबे, जीव वाचे. डीबेकी आणि सिमियोन या सर्जननी १९४६ साली अमेरिकी सैनिकांच्या धमन्यांच्या २,४७१ जखमांचा हिशेब मांडला. गुडघ्यामागची धमनी तुटलेल्यांत दर चारांतल्या जवळजवळ तिघांचा पाय कापावा लागला होता.

या आकड्यापाशी थोडं थांबा. सर्जनना दोष द्यायची घाई नको. धमनी शिवायची विद्या तेव्हाही होती. अलेक्सी कारेल यांना १९१२ चं नोबेल त्यासाठीच मिळालं; लिओंच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून ते बारीक टाका शिकले, असं सांगतात. सुई होती, वेळ नव्हता. जखमी टेबलावर येईपर्यंत तासन् तास उलटत, आणि रक्ताविना स्नायू साधारण सहा तासांपलीकडे तग धरत नाही. पुढे कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आलं, शस्त्रक्रियेचे तंबू आघाडीजवळ आले, स्पेन्सर, ह्यूज, यानके यांच्यासारखे तरुण सर्जन धमन्या जोडू लागले. सगळ्या धमन्यांच्या जखमा मिळून हात-पाय गमावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तेरांच्या आसपास उतरलं.

आता दुसऱ्या पायाकडे लक्ष न्या, धड असलेल्या. धमनीचा मोठा तुकडा उडालेला असला तर टोकं ओढून जुळत नाहीत. मग याच पायाच्या कातडीखालची लांब शीर थोडी कापून घेतात. जखमी पायातली सहसा घेत नाहीत. तिथल्या उरल्यासुरल्या शिरांना रक्त परत न्यायचं असतं. शिरेत झडपा असतात, फक्त हृदयाच्या दिशेने उघडणाऱ्या. तशीच शिवली तर त्या रक्ताची वाट अडवतील. म्हणून तुकडा उलटा फिरवून जोडतात. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच मनात घोळवावंसं वाटतं. तुम्हीही दोन श्वास तिथे राहा.

टाके पुरे होतात. चिमटे सुटतात. शीर फुगते. मग सर्जन टेबलाच्या पायथ्याशी येतो आणि पावलावर दोन बोटं टेकतो, तुमची आत्ता आहेत तिथेच.