धूळभेट

गेल्या नाताळच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. सांगलीच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक मोठा कागद पसरला होता आणि मुलगा, सून व दोन्ही नातवंडे, एखाद्या मोहिमेची आखणी करणाऱ्या सरदारांसारखी, त्यावर वाकून बसली होती. मुलाने मुंबईहून निघणाऱ्या प्रवासी जहाजाची तिकिटे काढली होती. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुरगाव बंदराला लागणार आणि दुपारी एकला सुटणार. मात्र बाराच्या आत सर्वांनी जहाजावर परतले पाहिजे, अशी ताकीद होती. उतरण्याचढण्याचा वेळ वजा जाता हाती उरत होते जेमतेम साडेचार तास. त्या साडेचार तासांत गोवा कसा बसवायचा, हा प्रश्न होता.

आमच्या लहानपणी प्रवासाची पिशवी भरताना आई म्हणायची, "चेपून भर, अजून दोन कपडे बसतील." मुलगा तशीच ती सकाळ चेपून भरत होता. जुन्या गोव्यातले चर्च, मंगेशीचे देऊळ, पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज घरांची गल्ली, मिरामारचा किनारा, काजूंची खरेदी. प्रत्येकापुढे मिनिटे लिहिली होती. मंगेशाच्या वाट्याला पंचवीस आली होती. आणि कागदाच्या अगदी तळाशी, कंसात, एक ओळ होती : 'वेळ उरलाच तर वास्कोची मावशी.'

सुनेची ही मावशी पंचाहत्तरीच्या पुढची. वास्को शहर बंदराला लागूनच आहे. तिचे घर गाडीने दहा मिनिटांवर. सर्वांत जवळ तीच होती आणि यादीत सर्वांत शेवटी तीच होती. "ती काय, घरातलीच आहे. ती कुठे जाते!" मुलगा सहज बोलून गेला. ते ऐकताच माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण हेच वाक्य, याच शब्दांत, मी एकदा साताऱ्यात मनाशी म्हटले होते.

ते साल 1979. मी मुंबईत नोकरीला होतो आणि रजा काढून सांगलीला घरी निघालो होतो. रात्रीची एसटी खंबाटकीचा घाट उतरून पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या स्टँडवर आली. पुढची सांगलीची गाडी सव्वाअकराला धरायची, असे मी मुद्दामच ठरवले होते. सातारा नीट पाहिलेला नव्हता. पावणेसहा तास म्हणजे मला एक राज्य सापडल्यासारखे वाटले. ज्या गावी 1708 साली शाहूमहाराजांना राज्याभिषेक झाला ते गाव, आणि मी एकटा, चोविसाव्या वर्षाच्या पायांचा धनी!

मी अजिंक्यताऱ्यावर चढलो. उतरताना चार भिंती पाहिल्या. मग टांगा करून माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेचा संगम, दोन्ही काठांवरची देवळे, रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. शाहूमहाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याची समाधी इथे बांधली, असे सांगतात. तीही मी शोधून काढली. परत येऊन मोती चौकात कंदी पेढे घेतले. घड्याळात दहा चाळीस झाले होते. आता मंगळवार पेठेत आत्याकडे.

आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून बहीणभावांत काही बिनसले होते आणि सात वर्षे भाऊबीज झालेली नव्हती. दिवाळीच्या त्या दिवशी अण्णा सकाळपासून गप्प असत आणि आई उगाचच भांड्यांचा आवाज करी. आम्हा मुलांना जाण्याची बंदी नव्हती. पण जाण्याची रीतही उरली नव्हती.

आत्याने दार उघडले. मला पाहून तिचा चेहरा कसा झाला, ते मला नीट आठवते; अजिंक्यताऱ्यावरून काय दिसले, ते आठवत नाही. मी साताऱ्यात उतरणार हे तिला पत्राने कळवले होते. ती पहाटेपासून वाट पाहत होती. बंब पेटवून आंघोळीचे पाणी तापवले होते, ते दोनदा निवून पुन्हा तापवले होते. पाटावर ताट होते. मी उंबऱ्यातच म्हणालो, "आत्या, सव्वाअकराची गाडी आहे."

"अरे, बैस की जरा. उभ्याउभ्या कसला येतोस?"

मी बसलो नाही. उभ्यानेच एक लाडू खाल्ला, उभ्यानेच पाणी प्यालो. तिने डबा बांधून दिला. दाराशी येऊन ती माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, "दादाला एक निरोप सांगायचा होता. पण तो असा उभ्यानं सांगण्यासारखा नाही. पुढच्या खेपेला निवांत ये, मग सांगते."

पुढची खेप आली नाही. पाच महिन्यांनी आत्या गेली. अण्णा त्यानंतर एकोणीस वर्षे जगले. मी त्यांना त्या निरोपाविषयी कधीच सांगितले नाही. कारण सांगणार काय? निरोप होता, एवढेच मला ठाऊक होते. निरोप काय होता हे ऐकायला जी पंधरा मिनिटे लागली असती, ती मी शाहूमहाराजांच्या कुत्र्याला दिली होती.

वाचकहो, हे सांगताना मला कुत्र्याच्या समाधीचा राग नाही. पाहण्याची हौस हा काही दोष नव्हे. परक्या गावी पाय ठेवला आणि कुतूहल जागे झाले नाही, तर तो माणूस घरीच बसलेला बरा. शिवाय मुलगा म्हणतो त्यातही तथ्य आहे : पुन्हा कधी येणे होईल कोण जाणे, पैसे मोजले आहेत, मग जेवढे दिसेल तेवढे का पाहू नये? माझे भांडण 'किती' ह्या शब्दाशी नाही. माझी चूक फार पाहण्यात नव्हती; क्रमात होती. जे खात्रीचे वाटले ते मी शेवटी ठेवले. किल्ला हुकेल, संगम राहील, अशी मला धास्ती होती. आत्या कुठे जाते! आज पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. किल्ला तिथेच आहे, संगमही तिथेच आहे.

आपल्या भाषेत ह्या विषयावर एक शहाणा शब्द आहे : धूळभेट. यात्रेकरू क्षेत्राच्या गावी पोचला की बिऱ्हाड शोधण्याआधी, पायांवरची धूळही न झटकता, आधी देवाला भेटून येतो. स्नान, पूजा, नैवेद्य, गावातली इतर स्थाने हे सारे मागाहून. मी पुष्कळ दिवस समजत होतो की धूळभेट म्हणजे घाईची, उरकून टाकलेली भेट. वस्तुतः ती उलट आहे. घाईत पहिला मान कोणाचा, हे ठरवणारी ती रीत आहे. पुढे काहीही होवो, पाऊस लागो, गाडी चुको, ज्याच्यासाठी आलो तो भेटला आहे.

वारकऱ्यांनी हा विचार आणखी पुढे नेला आहे. पंढरीत विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता आले तर उत्तम. रांग फार असेल तर मुखदर्शन. तेही नाही तर कळसाला हात जोडून माणूस तृप्त मनाने मागे फिरतो. अठरा-वीस दिवस चालून आलेला माणूस कळसावर समाधान मानतो, आणि आपण साडेचार तासांत पाच स्थळे पाहून 'दोन राहिली' म्हणून हळहळतो! वारकऱ्याला 'कोणासाठी' हे ठाऊक असते, म्हणून 'किती' हा हिशेब त्याला छळत नाही.

थोड्या मुक्कामाला आपल्या पूर्वजांनी कमी लेखले नाही. 'अतिथी' ह्या शब्दाचा अर्थ मनुस्मृती असाच लावते : ज्याचे राहणे नित्य नाही, जो एकच रात्र राहतो, तो अतिथी. म्हणजे थोडा वेळ येणे हे पाहुण्याचे न्यून नव्हे, तीच त्याची व्याख्या आहे. पण अतिथी होण्यासाठी कोणाच्या तरी दारात जावे लागते. जो फक्त स्थळांवरून फिरतो तो अतिथी नव्हे; तो वाटसरू.

आणि अपुऱ्या वेळात माणसाचे बोलणे कानाआड होते, हे थोरांच्याही बाबतीत घडले आहे. चार्ल्स डार्विनचे जहाज 1835 साली गालापागोस बेटांपाशी जेमतेम पाच आठवडे होते. सारा प्रवास जवळजवळ पाच वर्षांचा. तिथल्या उपराज्यपालाने त्याला सांगितले की बेटाबेटांवरची कासवे वेगळी असतात, कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे हे आपण ओळखू शकतो. डार्विनने त्या वेळी तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही आणि दोन बेटांवरून गोळा केलेले नमुने एकमेकांत मिसळून गेले. पुढे त्याने ही कबुली स्वतःच लिहून ठेवली. त्याला निदान निरोप पुरता ऐकायला मिळाला होता, म्हणून चूक सुधारता आली. मला तीही सवड राहिली नाही.

कोणी विचारील, ज्या बंदरात आपले कोणीच नाही तिथे धूळभेट कोणाची घ्यायची? माझे उत्तर साधे आहे. जिथे बसता येईल अशी एक जागा निवडावी आणि ज्याच्याशी चार वाक्ये बोलता येतील असे एक माणूस. मग तो चहावाला असो, देवळातला गुरव असो की गाडीवान. तेवढे आधी करावे. उरल्या वेळात हवे ते पाहावे, आणि परतायला एक तास हाताशी ठेवावा, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. थोडा वेळ चेपून भरल्याने मोठा होत नाही; त्यातली एक गोष्ट बसून पुरी केली, तर तो पुरा होतो.

त्या संध्याकाळी मी हे सारे टेबलाभोवती सांगितले. आत्याच्या निरोपाची गोष्ट मुलगा प्रथमच ऐकत होता. तो काही बोलला नाही. सुनेने मात्र पेन्सिल घेतली, तळची ओळ खोडली आणि कागदाच्या माथ्यावर, कंसाशिवाय, लिहिली.

सहलीहून ती मंडळी परतली तेव्हा मी काही विचारले नाही. सूनच सांगू लागली. बंदरातून थेट मावशीकडे गेले. मावशीने भाजी-पाव केला होता. तिच्या गच्चीवरून मुलांना आपलेच जहाज दिसले. दोन तास कसे गेले कळले नाही. सुनेच्या आईच्या लग्नाआधीच्या अशा गोष्टी मावशीने सांगितल्या, ज्या आता सांगू शकणारे दुसरे कोणी उरलेले नाही. मग वेळ राहिला तो फक्त मंगेशीपुरता. तिथे मिनिटे कोणी मोजली नाहीत.

धाकटा नातू मात्र अजून रुसलेला आहे. "आजोबा, तुमच्यामुळे जुन्या गोव्याचं चर्च राहिलं!"

त्याचे खरे आहे. ते राहिले. 1605 सालापासून ते तिथे उभे आहे, आणि नातू अवघा दहा वर्षांचा आहे. त्या दोघांची भेट होईल, ह्याची मला काळजी नाही.

उद्या भाऊबीज. नातीने सकाळीच ओवाळणीचे ताट घासून ठेवले आहे. तिचा भाऊ दुपारी क्रिकेटला जाण्याआधी दहा मिनिटे देणार आहे म्हणतो. मी त्याला एवढेच सांगितले आहे की दहाच दे, पण पाटावर बसून दे.