निदान ही कुणाची अमानत?

छातीत गाठ लागल्यावर बाई सर्वांत आधी काय करते? ती गप्प बसते. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत आमच्या वाशीम जिल्ह्यात, हिंदू काय नि मुसलमान काय, हेच दिसते. गाठ दुखत नाही, सांगायची लाज वाटते, लेकीची सोयरीक मोडेल अशी धास्तीही असते. पुढे अकोल्याला किंवा नागपूरला जाणे होते आणि रिपोर्टची वाट पाहण्यात झोप उडते.

ही वाट पाहणे संपवणारी पद्धत आता आली आहे. डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना, हे सारे एकाच भेटीत उरकते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे या पद्धतीचा अभ्यास झाला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी बायकांची चिंता कमी भरली. पण तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पाहिले तर फरक उरला नव्हता. याचा अर्थ आम्ही असा लावतो: बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, त्या बायांना लवकर मिळालेले उत्तर म्हणजे सुटका. पण जिला कर्करोग निघाला, तिची चिंता उत्तरानंतरच सुरू होते. तिला घाईइतकीच सोबत हवी असते.

आणि इथेच आमच्या समाजाचा प्रश्न उभा राहतो. उत्तर कितीही लवकर आले, तरी ते कुणाच्या हाती पडते? रिपोर्ट नवरा घेतो, भाऊ वाचतो, डॉक्टर त्यांच्याशीच बोलतात आणि बाईला सांगितले जाते, "काही नाही, साधी गाठ आहे." यामागे माया असते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या मायेमुळे बाईला आपल्याच शरीराची खबर मिळत नाही, ती माया तिला नाबालिग ठरवते. शिवाय घरातल्यांचे उतरलेले चेहरे तिला दिसतातच. मग ती एकटीच भीते आणि विचारू शकत नाही.

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिचीच संमती हवी, आईने दिलेली चालणार नाही. खबर नसेल तर संमती कसली? निदान ही त्या बाईची अमानत आहे. ती ज्याच्या हाती आली, त्याने मालकिणीला पोहोचवलीच पाहिजे. कशी, किती हळुवार, कुणाला जवळ बसवून, हे तिला विचारून ठरवावे. तिनेच "मला नको सांगू" म्हटले, तर तोही तिचाच हक्क.

काहीजण म्हणतील, सब्र करावा. जरूर. पण उंट न बांधता तवक्कल करू नये, हेही आपल्याला शिकवलेले आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका यंत्राविना, नुसत्या हातांनी छाती तपासत. २०२१ साली निष्कर्ष आले: रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. तपासणी बाईनेच केली, तेव्हा पडद्याची सबबही उरत नाही.

सब्र उपचार सोसताना लागतो. गाठ लपवण्याला सब्र म्हणू नये, आणि ती लपवायला लावण्याला माया तर मुळीच नाही.