दोष शोधणे आणि दोष देणे



आपल्या चर्चची जुनी मोटार सर्वांच्या परिचयाची आहे. १९९७ सालची, कार्ब्युरेटरची, तीन सिलिंडरांची ही छोटी गाडी पहिल्या शुक्रवारी आम्हाला आजाऱ्यांच्या घरी पोहोचवते. गेल्या पावसाळ्यात ती एकाएकी थरथरू लागली. रस्त्यावर धावताना तक्रार नसे. पण फाटकापाशी किंवा कुणाच्या अंगणात उभी राहिली, की इंजिन धडधडे, आरसा हाले आणि मध्येच गाडी बंद पडे. तिची दुरुस्ती करून घेताना आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला. म्हणून आज या पानावर गाडीची गोष्ट.

पहिल्यांदा आम्ही एका गॅरेजमध्ये गेलो. तेथे बॉनेट उघडून न उघडल्यासारखे केले, तिन्ही प्लग बदलले आणि जुने फेकून दिले. थरथर राहिलीच. तेव्हा आम्हीच घाईने म्हणालो, "निदान बंद तरी पडू नये, रेस जरा वाढवून द्या." स्क्रू फिरवला, इंजिनाचा वेग वाढला, थरथर दबली. आम्ही समाधानाने परत आलो.

आठवडाभरात ती पुन्हा सुरू झाली आणि पेट्रोलही जास्त लागू लागले. ज्याला त्याला कारण ठाऊक होते. कुणी म्हणाले, गाडी म्हातारी झाली, भंगारात काढा. कुणी २०२५ पासून पंपांवर सर्रास मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला बोल लावला. आमचे मन मात्र तिसरीकडेच गेले. गाडी चालवायला आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण विनामोबदला येत असे. पेट्रोलचे पैसे त्याच्याच हाती असत. एका संध्याकाळी आम्ही त्याला विचारले, "पेट्रोल जातं कुठं?" प्रश्न साधा होता, पण ज्या आवाजात विचारला तो साधा नव्हता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चावी ऑफिसच्या टेबलावर होती.

पुढे एका निवृत्त मेकॅनिककाकांनी गाडी पाहिली. त्यांनी आधी हत्यार हातात घेतले नाही, प्रश्न विचारले. थंड असताना थरथरते की गरम झाल्यावर? वेगात असताना कशी असते? जुने प्लग कुठे आहेत? प्लगच्या टोकाचा रंग पुष्कळ काही सांगतो: काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर हवा जास्त, तपकिरी असेल तर ठीक. आमचे साक्षीदार तर कचऱ्यात गेले होते. मग त्यांनी विचारले, "फादर, चोक ओढल्यावर काय होतं?"

आणि आम्हाला आठवले. त्या मुलाने आम्हाला दोनदा सांगितले होते, "फादर, चोक थोडा ओढून ठेवला की गाडी शांत राहते." आम्ही मान हलवली होती. ऐकले नव्हते.

काका हसले. "मग निम्मं काम त्यानंच केलंय." चोक हवा कमी करतो आणि पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. चोक ओढल्यावर इंजिन शांत होत असेल, तर कुठून तरी नको ती हवा आत शिरत असावी. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा फार वाढली की मिश्रण पातळ होते आणि ठिणगी पडूनही कधी पेटते, कधी पेटत नाही. गाडी उभी असताना हवेची मुख्य झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन आतून जोराने ओढत असते, त्यामुळे लहानशी भेगही भारी पडते. वेगात झडप उघडते, भरपूर हवा आत येते आणि तीच भेग नगण्य ठरते. म्हणून आमच्या गाडीचा आजार धावताना लपत होता आणि थांबल्यावर दिसत होता.

पण काकांनी अंदाजावरही भरवसा ठेवला नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन खचले. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरीचेही तसेच. तिसरी काढली तर फारसा फरक पडला नाही. रोगी सापडला, रोग अजून सापडायचा होता. त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसात बदलले. दुखणे तिसऱ्याकडेच राहिले, म्हणजे प्लग निर्दोष. शेवटी नळीचा एक तुकडा कानाशी धरून ते इंजिनाभोवती ऐकत राहिले. मॅनिफोल्डला जोडलेल्या बोटभर रबरी नळीपाशी सूं-सूं ऐकू आली. खालच्या बाजूने तिला भेग गेली होती. त्यांनी ती चिमटीत दाबली आणि इंजिन एकदम शांत झाले. नळी हवेची होती. तिच्यातून पेट्रोल वाहतच नव्हते, म्हणजे इथेनॉलवरचा आरोपही गेला. रबर म्हातारे झाले होते, एवढेच. नव्या नळीला शंभर रुपयेही लागले नाहीत.

आणि जादा पेट्रोल? आम्हीच वाढवून घेतलेली रेस, गाडी बंद पडू नये म्हणून त्या मुलाने ओढून ठेवलेला चोक आणि धड न पेटणारा एक सिलिंडर. हिशेब तेथेच जुळला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही जॉन स्टुअर्ट मिल याची भेदपद्धती पाठ केली होती. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्याने ती मांडली: बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदला आणि काय बदलते ते पाहा. परीक्षेत आम्हाला चांगले गुण मिळाले होते. काकांनी मिलचे नावही ऐकले नसेल, पण पद्धत त्यांच्या हातात होती. आमच्या ती वहीतच राहिली.

मराठीत 'दोष' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. यंत्रात दोष असतो, आणि माणसाला दोष देतात. ग्रीक भाषेतही गंमत अशीच आहे. अ‍ॅरिस्टॉटलने 'कारण' या अर्थी जो 'ऐतिया' शब्द वापरला, त्याचा जुना अर्थ आरोप, ठपका असा होता. म्हणजे कारण विचारणे आणि आरोपी विचारणे ही माणसाची फार जुनी गल्लत आहे. परंतु दोन्ही गोष्टी एक नाहीत. दोष शोधणारा जितका पुढे जातो तितके त्याचे प्रश्न वाढतात. दोष देणाऱ्याचे प्रश्न मात्र तेथेच संपतात. माणूस सापडला की शोध थांबतो, आणि भेग तशीच राहते.

मग कुणालाच जबाबदार धरू नये काय? तसे नाही. प्लग न बघता फेकणारा जबाबदार आहे. दुखणे न शोधता ते दाबायला सांगणारे आम्ही त्याहून अधिक जबाबदार आहोत. जबाबदारी ठरवायलाच हवी, पण ती शोधाच्या शेवटी, सुरुवातीला नव्हे. घरातही हेच चालते. मुलाचे गुण कमी झाले की मोबाइल, सून गप्प झाली की तिचे माहेर, आणि कुरबुर वाढली की रेस वाढवायची: मोठ्याने बोलायचे, कामात बुडून जायचे, म्हणजे थरथर ऐकू येत नाही. धावपळीत सगळी घरे ठीकच चालतात. रात्री सारे एकत्र बसले, की कळते.

नळी बदलल्यावर आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो, सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने आम्हाला खुर्ची दिली, आईने चहा केला. मग तो शांतपणे म्हणाला, "फादर, नळी सापडली म्हणून तुम्ही आलात. सापडली नसती तर?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे निरपराध असणे त्या रबराच्या तुकड्यावर अवलंबून नव्हते. नळी सापडण्यापूर्वीही तो तितकाच प्रामाणिक होता. पुष्कळ घरांतली, पुष्कळ माणसांची नळी कधीच सापडत नाही, आणि ती आयुष्यभर संशय वाहत राहतात. म्हणून वाटते, कारण सापडेपर्यंत "मला माहीत नाही" असे म्हणण्याचे धैर्य हवे, आणि ते म्हणत असताना समोरच्यावरचा विश्वास टिकवायला हवा. गाडीला तपासाची गरज असते. माणसाला तपासाआधी विश्वासाची गरज असते.

तो अजून गाडी चालवायला आलेला नाही. आम्ही आग्रह धरलेला नाही. संशयाची विचारपूस आम्ही ऑफिसात चारजणांदेखत केली होती. म्हणून ही कबुलीही आम्ही सर्वांसमोर देत आहोत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू