कागद, हवा आणि माणूस

शासकीय सेवेत मी आयुष्यभर अहवाल तपासले. त्यामुळे कागदावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न मला सतावतो. ओझोनरक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारान्वये सीएफसी-११ वायूचे उत्पादन २००६ पासून जवळजवळ बंद झाल्याची नोंद होती. २०१८ मध्ये हवेच्या मोजमापांतून मात्र त्याचे उत्सर्जन वाढल्याचे उघड झाले. पुढील वर्षी कोरिया व जपान येथील केंद्रांच्या नोंदींनी पूर्व चीनकडे बोट दाखविले. त्यामागील कारण हवा सांगू शकत नव्हती. ते फोम बनविणाऱ्यांकडे चौकशी केल्यावर कळले, वायू स्वस्त पडत होता. गाजावाजा झाल्यावर उत्सर्जन घटले.

म्हणून जागतिक पर्यावरण-नियमनाच्या अभ्यासकाने कागद वाचावा, हवा मोजावी, माणसाला विचारावे. एकाच साक्षीवर समाधान मानणे ही कर्तव्यातील कसूर होय. माझ्या सहीचे किती अहवाल या कसोटीस उतरले असते?